लॅपटॉपवर मांगा: आधी जोडपान नीट लागतं का ते बघा

जपानीच्या एन-४ परीक्षेची तयारी करणाऱ्या आणि लॅपटॉपवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणाऱ्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझा लॅपटॉप विंडोजचा, १५.६ इंची स्क्रीनचा, ४ जीबी रॅमचा आहे. काही मांगा सीबीझेड आणि सीबीआर या चित्रकथांच्या फाइलींत आहेत, दोन पीडीएफ आहेत, दोन-तीन खंड ऑनलाइन दुकानातून घेतलेत. दोन पानं शेजारीशेजारी लावली की क्रम उलटा होतो आणि कांजीवरची (कांजी म्हणजे जपानीतली चिनी चिन्हं) बारीक अक्षरं लागतच नाहीत. सगळ्याला चालेल असं एक सॉफ्टवेअर सांगा."

सगळ्याला चालेल असं एक सॉफ्टवेअर नाही, हे आधीच सांगून टाकते. सीबीझेड-सीबीआरसाठी यॅकरीडर घ्या, पीडीएफसाठी ओक्युलर. यॅकरीडर तुमच्या लॅपटॉपला जड गेला तर सुमात्रा पीडीएफ. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्हींचा सोर्स कोड खुला आहे. दुकानातून घेतलेले खंड मात्र त्या दुकानाच्याच रीडरमध्ये उघडतील. तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही.

आता हे असं का, ते सविस्तर सांगते. मी जपानी शिकवते आणि जपानीतून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे पंधराएक वर्षं माझं मांगाचं बहुतेक वाचन संगणकावरच झालंय. विद्यार्थी सॉफ्टवेअर निवडताना थीम बघतात, मुखपृष्ठांची मांडणी बघतात. मी सगळ्यात आधी जोडपान बघते.

जपानी तान्कोबोन, म्हणजे मांगाचा सुटा खंड, उर्दू पुस्तकासारखा उजवीकडून उघडतो. आपल्या पुस्तकाचं मलपृष्ठ जिथे असतं तिथे त्याचं मुखपृष्ठ. समोरासमोरच्या दोन पानांना, म्हणजे जोडपानाला, जपानीत मिहिराकि म्हणतात. उजवीकडून बांधलेल्या पुस्तकात समसंख्येचं पान उजव्या हाताला येतं, विषम पान डाव्या हाताला. म्हणजे २ आणि ३ ही पानं एकदम दिसतात, उलटलं की ४ आणि ५. चित्रकार पानं आखतो तेव्हा हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. तिसऱ्या पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातली शेवटची चौकट ही वाचकाला पान उलटायला लावणारी चौकट. दाराबाहेर पावलं वाजतात, नायिका मान वळवते, पान संपतं. दारात कोण उभं आहे ते चौथ्या पानावर, उजवीकडे वर, बऱ्याचदा मोठ्या चौकटीत. या पान उलटण्याच्या युक्तीला जपानी चित्रकार मेकुरि म्हणतात. तिच्यावर ते फार मेहनत घेतात.

आता सॉफ्टवेअरनं सुरुवातीची जोडी चुकीची लावली की पुढचं सगळं एका पानानं सरकतं. मुखपृष्ठ-१, २-३, ४-५ अशा जोड्या होतात की मुखपृष्ठ एकटं, मग १-२, ३-४, हे त्या फाइलीत सुरुवातीला किती पानं घातली आहेत यावर ठरतं. चुकीची जोडी लागली तर ३ आणि ४ शेजारी येतात. पावलं ऐकू येतात त्याच क्षणी दारातला माणूसही डोळ्यांत भरतो. चित्रकारानं जपून ठेवलेला क्षण आपण वाया घालवतो आणि आपल्याला ते कळतही नाही. "ही मांगा एवढी गाजली, मला तर सपाट वाटली" असं सांगणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या स्क्रीन मी पाहिल्या. दोघांच्याही जोड्या एका पानानं सरकलेल्या होत्या.

तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये मला चार गोष्टी हव्याच असतात. दोन पानं शेजारी दाखवता आली पाहिजेत आणि त्यांत पुढचं पान डावीकडे आलं पाहिजे. मेनूत याला बहुधा 'मांगा मोड' म्हणतात, काही ठिकाणी 'जपानी मोड' किंवा 'उजवीकडून डावीकडे'. मुखपृष्ठ एकटं ठेवता आलं पाहिजे. एखादं जोडचित्र, म्हणजे दोन पानांवर पसरलेलं चित्र, आधीच एका रुंद प्रतिमेत जोडलेलं असेल तर त्याला एकटंच दाखवायची अक्कल सॉफ्टवेअरला हवी, नाहीतर ते रुंद चित्र आणि पुढचं उभं पान एकत्र कोंबून दोन्ही अर्धी करून टाकतं. आणि जोडी चुकलीच तर एकाच पानानं पुढे किंवा मागे सरकायची सोय हवी. डिजिटल आवृत्तीत सुरुवातीला रंगीत पानं, सूचनांचं पान, कधी कोरं पान गाळलेलं, असे प्रकार असतात. ती जोडी हातानं जुळवावी लागते, त्याला इलाज नाही.

तुमचा उलट्या क्रमाचा प्रश्न हा मांगा मोड सुरू नसल्याचा आहे. यॅकरीडरमध्ये जोडपानाची साधी रीत वेगळी आणि मांगासाठीची जोडपान-रीत वेगळी आहे. तुम्ही मांगासाठीचीच लावा. सुमात्रामध्ये व्ह्यू मेनूत 'बुक व्ह्यू' निवडा, त्यानं मुखपृष्ठ एकटं राहतं, आणि त्याच मेनूतला 'मांगा मोड' लावा. नुसतं 'फेसिंग' निवडू नका, त्यात मुखपृष्ठापासूनच जोड्या लागतात. बाणांच्या कळांकडेही लक्ष ठेवा. काही सॉफ्टवेअरमध्ये मांगा मोड लावला की डावा बाण पुढे नेतो, काहींत उजवाच बाण पुढे नेत राहतो. चित्र डावीकडे सरकत असताना हात उजवीकडे दाबत असेल तर डोकं भणभणतं. सेटिंगमध्ये कळा बदलून डावा बाण 'पुढे' करून घ्या, नाहीतर सरळ स्पेसबार वापरा.

एक अपवाद सांगायला हवा. इंग्रजीत मांगा आली तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षं पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापत, म्हणजे अमेरिकी वाचकाला डावीकडून वाचता यावं. त्यामुळे तलवार उजव्या हातात धरणारा सामुराई डावखुरा व्हायचा. २००२ मध्ये टोक्योपॉप या प्रकाशकानं पानं मूळ दिशेनंच छापायला सुरुवात केली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. जुन्या उलट्या आवृत्त्या अजून हाती लागतात. त्या मांगा मोडमध्ये वाचायला गेलात तर काही केल्या संवाद जुळणार नाही. यॅकरीडरच्या लायब्ररीत प्रत्येक पुस्तकाला मांगा, डावीकडून वाचायची मांगा, वेबकॉमिक, चार चौकटींची मांगा असा प्रकार नेमून देता येतो. ज्यांच्या संग्रहात सरमिसळ आहे त्यांना ही सोय फार उपयोगी पडते.

आता बारीक अक्षरांकडे येते, कारण भाषा शिकणाऱ्या माणसाला ती जोडपानाइतकीच महत्त्वाची.

शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या, मांगाचा छापील खंड साधारण ११ बाय १७.५ सेंटिमीटरचा असतो. तुमची १५.६ इंची स्क्रीन सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे दोन पानं शेजारी ठेवून पूर्ण उंचीला लावली तरी प्रत्येक पान छापील पानापेक्षा किंचित मोठंच दिसेल. मापाची अडचण नाही, अडचण पिक्सेलची आहे. फुरिगाना, म्हणजे कांजीच्या बाजूला उच्चार दाखवणारी ती बारीक अक्षरं, छापील पानावर जेमतेम दीड मिलिमीटरची. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर त्या अक्षराच्या वाट्याला सहा-सात पिक्सेल येतात, १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर नऊ-दहा.

सहा पिक्सेलमध्ये काय होतं ते एका अक्षरावरून बघा. 本 हे चिन्ह तुम्हाला ठाऊक आहे: लांबट वस्तू मोजताना लागतं ते 'होन'. एक पेन्सिल इप्पोन, दोन निहोन, तीन साम्बोन. कांजी तीच, उच्चार तीन. फरक सांगतो तो फक्त फुरिगाना, आणि फुरिगानातही हो, बो आणि पो यांचं मूळ अक्षर एकच. बो ला वर दोन तिरप्या रेघा, पो ला वर एक गोल. सहा पिक्सेलच्या अक्षरात त्या खुणेला एक-दोन पिक्सेल मिळतात. रेघा आहेत की गोल, हे कुणाच्याही डोळ्यांना ओळखता येणार नाही. तुमचा चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, माहितीच स्क्रीनवर पोचत नाहीये.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पूर्ण स्क्रीन करा. ७६८ पिक्सेल उंचीपैकी खिडकीची पट्टी, मेनू आणि टास्कबार मिळून शंभरेक पिक्सेल सहज खातात, म्हणजे आठवा हिस्सा गेला. दुसरा, भिंग. यॅकरीडरमध्ये माउसबरोबर फिरणारं भिंग आहे, लिनक्सवरच्या एमकॉमिक्समध्येही आहे. दोन पानं समोर ठेवायची, जिथे अडेल तिथे भिंग न्यायचं, वाचलं की बंद. पान मोठं करून इकडेतिकडे सरकवत बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण गोष्टीतली आपली जागा सुटत नाही. शिकणाऱ्यांना मी यॅकरीडर सुचवते याचं अर्धं कारण हे भिंगच आहे. तिसरा उपाय, पहिलं वाचन एकेका पानाचं, रुंदीला लावून, आणि दुसरं वाचन जोडपानाचं. माझे विद्यार्थी बहुतेक असंच करतात. पहिल्या वाचनात शब्द, दुसऱ्यात गोष्ट.

याच संदर्भात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये डिस्प्ले स्केल १२५ किंवा १५० टक्के असेल आणि सॉफ्टवेअर जुनं असेल, तर विंडोज त्याची सगळी खिडकी ताणून दाखवते आणि चित्र पुसट होतं. सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर उजवी कळ, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे डीपीआयची सेटिंग आहे. स्केलिंग 'अॅप्लिकेशन'कडे द्या. त्याच फाइलीची अक्षरं एकदम कोरीव होतात.

राखाडी रंगाचंही असंच आहे. मांगात राखाडी शाई नसते. स्क्रीनटोन नावाची ठिपक्यांची चिकटपट्टी कापून चित्रावर लावत, आता तेच संगणकावर करतात. डोळा त्या काळ्या ठिपक्यांना राखाडी समजतो. पान लहान करून दाखवताना सॉफ्टवेअरनं कुचराई केली तर ठिपके आणि स्क्रीनचे पिक्सेल एकमेकांत अडकतात आणि आकाशात, केसांत, शाळेच्या गणवेशावर लाटा उमटतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरले की दिसतात तशाच. हा फाइलीचा दोष नसतो. सेटिंगमध्ये प्रतिमा लहान-मोठी करायची पद्धत निवडता येत असेल तर सगळ्यात वेगवान पद्धत सोडा आणि लॅन्झोस किंवा तिच्यासारखी दर्जेदार पद्धत निवडा. विंडोजवर या बाबतीत नीव्ह्यू मला सगळ्यांत पुढे वाटतो. तो जपानी विकासकानं लिहिलेला आहे आणि उजवी बांधणी, डावी बांधणी, पहिलं पान एकटं, रुंद पान दोन पानांएवढं धरणं, हे सगळं त्यात माणसानं छापील मांगा हातात धरून विचार केल्यासारखं आहे. त्याचे मेनू जपानीतही ठेवता येतात, तो फुकटचा सराव. पण सेटिंगचं जंगल आहे आणि यॅकरीडर-सुमात्रापेक्षा तो जड पडतो. ८ जीबीचा लॅपटॉप असता तर मी तुम्हाला तोच सांगितला असता.

रॅमचा हिशेब एकदा मांडून ठेवते. फाइलीत पान पाचशे केबीचं दिसलं तरी उघडल्यावर ते तेवढंच राहत नाही. २००० बाय ३००० पिक्सेलचं पान म्हणजे ६० लाख पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, झाले २४ एमबी. पुढची-मागची मिळून दहा पानं सॉफ्टवेअरनं आधीच उघडून ठेवली की २४० एमबी. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरही चालू असेल तर एवढ्यानं दम लागतो. आगाऊ उघडायच्या पानांचा आकडा कमी करता येतो का ते सेटिंगमध्ये बघा, किंवा सुमात्रा वापरा. तो इतका छोटा आहे की पेनड्राइव्हवरूनही चालतो, इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि प्रत्येक फाइलीत कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवतो. त्यात मुखपृष्ठांची लायब्ररी नाही. वीस-तीस खंडांपर्यंत ती लागतही नाही, नीट नावं दिलेले फोल्डर पुरतात.

फाइलींच्या प्रकारांबद्दल फार घोळ घालायचं कारण नाही. सीबीझेड म्हणजे चित्रं भरलेली साधी झिप, सीबीआर म्हणजे रार. सीडिस्प्ले नावाच्या जुन्या विंडोज प्रोग्राममुळे ही नावं रूढ झाली. सीबीआर उघडत नसेल तर बऱ्याचदा ती मुळात झिपच असते आणि कुणीतरी नाव चुकवलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं बघा: 'पी' 'के' दिसली तर झिप, 'रार' दिसलं तर खरंच रार. पी-के ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. रार ही खासगी मालकीची पद्धत आहे, तिची नवी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि त्याआधीची कित्येक सॉफ्टवेअर ती उघडत नाहीत. शिवाय रार किंवा सेव्हन-झिप 'सॉलिड' प्रकारे, म्हणजे सगळी चित्रं एकत्र दाबून, बांधलेली असेल तर शंभराव्या पानावर उडी मारताना आधीची पानंही उलगडावी लागतात, म्हणून उशीर होतो. मी हाती आलेली प्रत्येक सीबीआर उलगडून सीबीझेड करून ठेवते. करायचं एवढंच: चित्रांचा फोल्डर झिप करा, शेवटचं झिप काढून सीबीझेड लिहा. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दिसत नसतील तर ती आधी दाखवायला लावा, नाहीतर नाव 'सीबीझेड डॉट झिप' असं होऊन बसतं. झिप करताना दाब शून्य ठेवला तरी चालतो. जेपीजी आधीच दाबलेली असते, ती आणखी आकसत नाही.

पानांची नावं मात्र बघा. १, २, ३ अशी असतील तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १०, ११ आणि मग २ लावतात. ००१, ००२ अशी तीन आकडी नावं दिली की कुठेही क्रम बिघडत नाही.

पीडीएफचं दुखणं वेगळं. उजव्या बांधणीची खूण पीडीएफच्या आतच ठेवता येते, पण बनवणारे ती बहुधा ठेवत नाहीत आणि फुकटच्या अॅक्रोबॅट रीडरमध्ये ती बदलता येत नाही. ओक्युलरमध्ये मात्र फाइलीत काहीही असो, समोरासमोरची पानं उजवीकडून लावायची सेटिंग आहे आणि पहिलं पान एकटं ठेवायची रीतही आहे. तो मुळात लिनक्सवरच्या केडीई या प्रकल्पाचा, विंडोजसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतो. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची, आवृत्ती असेल तर थोरियम रीडर वापरा. ईपबमध्ये वाचनाची दिशा लिहिलेली असते आणि थोरियम ती पाळतो. कॅलिबर हा संग्रह सांभाळायला आणि फाइली बदलायला उत्तम, २००६ मध्ये कोविद गोयल या भारतीय विकासकानं सुरू केलेला. पण त्याच्या आतल्या रीडरवर मांगा वाचायला जाऊ नका, तो मजकुराच्या पुस्तकांसाठी आहे. मॅकवाल्यांना यॅकरीडर किंवा सिंपल कॉमिक, लिनक्सवाल्यांना यॅकरीडर किंवा एमकॉमिक्स. कोरियन वेबटूनसारख्या उभ्या पट्ट्या वाचायच्या असतील तर सलग स्क्रोल लागतो. घरात जुना संगणक सर्व्हर म्हणून ठेवून कोमगा किंवा 'कविता' नावाचं सॉफ्टवेअर चालवलं तर ब्राउझरमध्ये तोही मिळतो आणि फोनवर त्याच पानापासून पुढे वाचता येतं. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

दुकानातून घेतलेल्या खंडांबद्दल जरा कळकळीनं सांगते. अशा खंडाला बहुतेक वेळा कुलूप असतं. तो त्या दुकानाच्या अॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्येच उघडतो. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या ऑनलाइन दुकानातून एका मालिकेचे सगळे खंड घेतले होते, समासातल्या टिपांसह दोन वेळा वाचले होते. दुकान बंद झालं, पाठोपाठ अॅप बंद झालं आणि खंड गेले. टिपाही गेल्या, त्याचं दुःख जास्त. तेव्हापासून मी घेण्याआधी बघते की फाइल हातात मिळणार आहे की नुसती वाचायची परवानगी. किंडलनंही २६ फेब्रुवारी २०२५ पासून पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीनं यंत्रावर टाकायची सोय काढली. परवानगीच मिळणार असेल तरी घ्यायला हरकत नाही, लेखकाला पैसे पोचतात. मात्र टिपा वेगळ्या वहीत ठेवा आणि विकत घेण्याआधी नमुन्याची पानं तुमच्याच लॅपटॉपवर उघडून जोडपान कसं लागतं ते बघा.

प्रकाशकांच्या स्वतःच्या सोयीही वापरा. शुएइशा या जपानी प्रकाशकाचं मांगा प्लस २०१९ च्या जानेवारीत सुरू झालं, ते ब्राउझरमध्ये चालतं, आणि चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट वाचता येतात. इंग्रजी, स्पॅनिश, इंडोनेशियन, थाई अशा भाषा तिथे आहेत. मराठी अजून नाही. व्हिझ या अमेरिकी प्रकाशकाची शोनेन जंपची वर्गणी भारतातून घेता येते. कुठल्याही परवान्याशिवाय चढवलेल्या पानांच्या साइट मी विद्यार्थ्यांना सुचवत नाही. चित्रकार आठवड्याला वीस पानं काढतो, त्याच्या पोटावर पाय देऊन भाषा शिकायची नाही.

मग सॉफ्टवेअर तपासायला कायदेशीर फाइल कुठून आणायची? यासाठी माझं ठरलेलं पुस्तक आहे: सातो शूहो यांची 'बुराक्कु जाक्कु नि योरोशिकु', एका तरुण डॉक्टरची कथा, तेरा खंड. १५ सप्टेंबर २०१२ पासून लेखकानं ती सगळ्यांना मोकळी केली: नक्कल करा, भाषांतर करा, विका, परवानगी मागायला नको. म्हणजे तिचं मराठी भाषांतरही कुणी कायदेशीरपणे करू शकतं. रुग्णालयातल्या रात्रपाळीची काळोखी पानं, दाट स्क्रीनटोन, वैद्यकीय शब्द. सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला याहून चांगलं काही नाही. मी तिच्यातली तीन ठिकाणं उघडते: मुखपृष्ठ आणि त्यापुढची दोन पानं, एखादं पूर्ण रुंदीचं जोडचित्र आणि लहान अक्षरांनी भरलेला संवादाचा फुगा. दहा मिनिटांत कळतं की हे सॉफ्टवेअर ठेवायचं की काढायचं.

तुम्ही शिकणाऱ्या आहात म्हणून आणखी एक. मोकुरो नावाचं एक साधन आहे, ते मांगाच्या पानांवरचा मजकूर ओळखून त्यावर निवडता येण्याजोगी अक्षरं बसवतं. मग ब्राउझरमध्ये योमितान हा शब्दकोश लावला की अडलेल्या शब्दावर माउस नेताच अर्थ. त्यातलं अक्षरओळख करणारं मॉडेल ज्या पानांवर तयार झालं त्यांत टोकियो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं जमवलेला 'मांगा १०९' या संग्रहातले खंडही आहेत: मूळ संग्रहात ९४ व्यावसायिक चित्रकारांचे १०९ खंड. म्हणूनच उभा मजकूर आणि फुरिगाना त्याला चांगला कळतो. तुमच्या ४ जीबीवर ते फार रखडेल. वर्गातल्या कुणाच्या मोठ्या मशीनवर एकेक खंड एकदा करून घ्या, वाचायला तुमचा लॅपटॉप पुरतो. हे दुसऱ्या वाचनानंतर करा असं मी सांगते. पहिल्याच वाचनात दर शब्दाला माउस नेला तर मेकुरि पुन्हा हातची जाते.

आज संध्याकाळी बसाल तेव्हा असं करा. यॅकरीडर टाका, एक सीबीझेड उघडा, मांगाची जोडपान-रीत लावा, पूर्ण स्क्रीन करा. मधलं एखादं जोडचित्र शोधा. रेषा मधल्या शिवणीवर जुळल्या तर काम झालं. डावा अर्धा एका जोडीत आणि उजवा अर्धा दुसऱ्या जोडीत गेला असेल तर फाइलीत एक पान कमी किंवा जास्त आहे. सॉफ्टवेअरमधून एक पान सरकवून बघा. दर वेळी सरकवायचा कंटाळा आला तर पेंटमध्ये तेवढ्याच मापाचं कोरं पांढरं पान बनवा, मुखपृष्ठाचं नाव ००० असेल तर या कोऱ्या पानाला '०००ए' नाव द्या, सीबीझेड सेव्हन-झिपमध्ये उघडा आणि ते पान आत टाका. मुखपृष्ठाच्या मागे ते जाऊन बसतं आणि शेवटच्या पानापर्यंतच्या सगळ्या जोड्या जागेवर येतात.